फंड, पेन्शन आणि वालाची टोपली

१९५८ साल. मी अडतीस वर्षांचा होतो. रेल्वेच्या गँगमध्ये कामाला. कर्जतपासून वर ठाकुरवाडीपर्यंत घाटातले रूळ सांभाळायचे, खडी ठोकायची, रुळाखालचा सडका लाकडी स्लीपर काढून नवा घालायचा. शाळा दुसरीपर्यंत झालेली. पण सही येत होती. गँगमध्ये सही करणारे दोघंच, मुकादम आणि मी, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

त्या थंडीत साहेबाच्या ऑफिसातून कागद आला. तोवर आम्हाला नुसता फंड होता. दर महिन्याला पगारातून थोडं कापायचे, रेल्वे आपला वाटा घालायची, आणि नोकरी संपली की सगळी रक्कम एकदम हातात. आता ज्याला पाहिजे त्याने पेन्शन घ्यावी म्हणाले. आपलं कापलेलं आपल्याला मिळेल, रेल्वेचा वाटा मात्र सोडायचा. त्याच्या बदली मरेपर्यंत महिन्याच्या महिन्याला पैसे. शनिवारपर्यंत काय ते सांगायचं होतं.

आमच्या कामात रूळ उचलायचा तर मुकादम हाक देणार आणि सगळ्यांचे हात एकदम लागणार. एकानं जरी वेगळं केलं तरी कुणाचा तरी पाय गेला. त्यामुळे हेही त्यानेच ठरवून टाकलं.

"सगळ्यांनी फंडच ठेवायचा," मुकादम म्हणाला. "रोख हातात आली की जमिनीचा तुकडा घेता येतो. पेन्शन काय, माणूस मेला की तीबी मेली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हणालो, "मी पेन्शन घेणार."

"का रं? शंभर वर्सं जगतोस काय?"

"जगीन."

"आरं, एकानं हात सोडला की काय हुतं ठावं हाय ना तुला?"

"हा रूळ नाय. माझा पगार हाय."

त्या दिवशी जेवताना माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

खरं कारण मी सांगितलं नाही. मला दोन मुली, मुलगा नाही. मोठीला आदल्या वर्षी खालापूरकडे दिली होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्यातली रीत. भर उन्हात तिला बघून मी कोरड्या घशाने परत आलो होतो आणि गँगने त्यावर आठवडाभर मजा केली होती. पण हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. माझ्या मामालाही मुलगा नव्हता. त्याने जमीन विकली, रोख घेतली, ती कशी संपली ते त्यालाही सांगता येईना. शेवटी जावयाच्या पडवीत बसायचा. ताट सगळ्यात मागून यायचं. आत भांडं वाजलं की मान वर करायचा. ती मान मी बघितली होती. महिन्याला स्वतःचे पैसे आले तर माझ्यावर ती पाळी येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शुक्रवारी संध्याकाळी बायकोला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. भात निघाल्यावर आम्ही त्या रानात वाल करायचो, त्याच्या शेंगा ती निवडत होती.

"बरं हाय," ती म्हणाली. "तुमी हाव तवर महिन्याला येतील. तुमी गेल्यावर मी कुणाच्या पडवीत बसू?"

"मी काय उद्या मरतोय?"

"सात वर्सांनी मोठे हाव माझ्याहून. आन विड्या तुमी वढता, मी नाय."

मी म्हणालो, तुझ्या पोरी आहेत की. म्हणालो आणि मामाची पडवी डोळ्यांपुढे आली. मामाच्या जागी मी मला बसवून बघितलं होतं, हिला कधी बसवलं नव्हतं.

"मग फंडच ठेवतो," मी म्हणालो.

"तोबी नको. रोख आली की तुमचे भाऊ मागायला दारात येतील, आन तुमाला नाय म्हनता येत नाय. मोठेपणा हाय ना." जरा थांबून म्हणाली, "पेन्शनच घ्या. पन हापिसातल्या बाबूला इचारा, पगारातनं आजून जास्त कापून ठेवतात का. ते माझ्या नावावर लिवा."

"जास्त कापलं तर खायचं काय?"

तिने शेंगांच्या ढिगाकडे नुसती मानेने खूण केली. माझी बायको बाजारात बसणार नाही, असं मी लग्नापासून सांगत आलो होतो. आमच्या शेंगा शेजारीण कर्जतला न्यायची आणि निम्मे पैसे ठेवून घ्यायची. बायकोने या आधी तीनदा विचारलं होतं. या वेळी विचारलं नाही. शेंगा निवडत राहिली.

शेवटी मी म्हणालो, "बाजारात जागा कदी मिळते?"

"उजाडताना."

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघं आमच्या दहिवलीहून कर्जतच्या बाजाराला निघालो. टोपली मी माझ्या डोक्यावर घेतली. तिच्या डोक्यावर दिली असती तर लोक म्हणाले असते, बायकोला धाडली. मी नेतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? मुकादम बोललाच. पुलावर गाठ पडली.

"काय रं, पेन्शन आताच सुरू झाली काय?"

"झाली. शेरभर शेंगा घे. उधार नाय."

त्याने घेतल्या नाहीत. बाजारात बायकोला पोतं अंथरून दिलं, टोपली उतरवली, आणि तसाच ऑफिसात गेलो. बाबू नुकताच येऊन बसला होता. पेन्शन घेतली तरी फंडात आपलं कापणं चालूच राहतं, वाढवताही येतं, म्हणाला.

"किती कापू?"

"आता कापता त्याच्या दुप्पट."

"घरी विचारलंस का?"

"घरनंच सांगून धाडलंय."

वारस म्हणून बायकोचं नाव लिहायला लावलं, ते दोनदा वाचून घेतलं, आणि सही केली. मग पहार उचलून घाटात कामावर गेलो.