आंबट वर्ज्य

आत्याच्या पायाची पट्टी बदलायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी घरून काम करायची. एका शैक्षणिक ॲपसाठी मी प्रश्न लिहिते. त्या महिन्यात इतिहासाचा धडा होता: युरोपातून निघालेली पहिली जहाजं, नवे सागरी मार्ग, पृथ्वीप्रदक्षिणा. शाळेत हा धडा मी इंग्रजीतून शिकले होते. खलाशांच्या रोगाचं नाव तेव्हा रिकाम्या जागेत भरायचं असे. मी ते नेहमी बरोबर भरलं.

आत्या बाबांची थोरली बहीण, मालवणची. नवरा गेल्यावर ती आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत राहायला आली. मला चारचौघांत बोलता येत नाही, याची घरात थट्टा होते. आत्या ती करत नसे. "बोलणा नाय म्हणान काय झाला? बघता मा सगळा," म्हणायची.

पलंगाचा कोपरा लागून तिच्या नडगीला जखम झाली आणि भरेना. तिला शुगर, त्यामुळे फळं आणि बटाटा आधीपासूनच बंद. जखम झाल्यावर तिने आंबट सोडलं. लिंबू, कोकम, टोमॅटो, लोणचं, काहीच नाही. आंबट खाल्लं की जखम पिकते, हे तिच्या आईने सांगितलेलं, आणि माझ्या आईलाही तेच माहीत होतं. पुढे हिरड्या दुखायला लागल्या, भाजी चावेना. उरली नाचणीची पेज, बिनसाखरेचा चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. असे पाच महिने गेले. आम्ही तिच्यासमोरच सोलकढी प्यायचो. ती वाटीकडे बघायची नाही.

धड्यासाठी मी वाचत होते. पोर्तुगीज जहाजांचा एक काफिला आपल्या किनाऱ्यावरून परत निघाला आणि वारा पडला. आफ्रिका गाठायला तीन महिने लागले. हा आपलाच समुद्र, मार्वेच्या धक्क्यावरून दिसतो तो. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय काळेनिळे पडले. नंतरच्या एका पृथ्वीप्रदक्षिणेत तर खलाशांच्या कित्येक वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या. त्यावर मी प्रश्न केला, चार पर्याय दिले आणि पट्टी बदलायला उठले.

आत्याच्या गुडघ्यावर एक जुना व्रण होता, लहानपणी कातळावर पडल्याचा. त्या दिवशी तो जांभळा दिसला. कडेने ओला होता.

आत्याला खलाशांचाच रोग झाला असेल, असं मी आईला सांगितलं. मला जमलं तितकंच, हळू आवाजात.

"अगं, ती जहाजावरची माणसं," आई भाजी निवडत म्हणाली. "महिनोन्महिने नुसती बिस्किटं खाणारी. ही घाटकोपरात राहते, खाली भाजीवाला बसतो. शुगर आहे ती. आणि तू तिला आंबट देऊ नकोस हां, पाय जाईल तिचा."

आत्याही ऐकत होती. "आंबट खाल्लंय तर पाय पिकतलो गो."

दोन दिवसांनी मी तिला दवाखान्यात नेलं. रांगेत बसून मी एक वाक्य तयार केलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "शुगर किती?" मी आकडा सांगितला. ते लिहू लागले. बाहेर माणसं खोकत होती. माझं वाक्य तसंच राहिलं. त्यांनी गोळी वाढवली आणि आम्ही रिक्षाने घरी आलो.

पुढचे अकरा दिवस मी रोज पट्टी बदलली. व्रण पूर्ण उघडला होता. मी त्यावरही मलम लावत होते.

बाराव्या दिवशी सकाळी ती पलंगावरून उठली आणि उभ्याउभ्याच कोसळली. हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने तिचे ओठ उघडून पाहिले आणि मला विचारलं, "आजी खातात काय?" मी सांगितलं. त्याने रोगाचं नाव घेतलं, रिकाम्या जागेतलं. "पुस्तकातच वाचलं होतं. घरात कुणाच्या काही लक्षात आलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने सलाइनमधून क जीवनसत्त्व सुरू केलं आणि थोडा रसही द्यायला सांगितलं. मी खालून मोसंबीचा रस आणला, चमचा ओठांशी धरला.

"आंबट नाय मा?" तिने विचारलं.

"नाही गं. गोड आहे."

"गोड माका चलणा नाय." आणि तिने तोंड मिटून घेतलं.

बऱ्याच वेळाने माझ्याकडे बघून तिने दोन चमचे घेतले. त्या काफिल्यातल्या आजाऱ्यांनाही किनाऱ्यावर संत्री मिळाली होती. तरी त्यातले बरेचजण तिथेच गेले. हे मला तेव्हा आठवायला नको होतं.

ती तिसऱ्या दिवशी गेली. हृदय थांबलं, असं कागदावर लिहिलं. आई आल्यागेल्याला सांगते, शुगरने गेली, पथ्य तर किती कडक पाळायची. मी चहा घेऊन येते, कप ठेवते आणि आत जाते.