कुसाबाईंचा अडकलेला श्वास

कुसाबाईंना पाण्याची भीती होती. लहानपणी इगतपुरीकडे असताना त्यांच्या बरोबरीची चतुरा धरणाच्या पाण्यात उतरली ती वर आलीच नाही. पुढे त्या नाशिकला वसाहतीत राहायला आल्या, बालवाडीच्या बाई झाल्या, पण गोदावरीच्या पुलावरून जातानाही नजर समोर ठेवायच्या.

अशा बाईच्या पोरीला पोहण्याचंच वेड लागावं. विशाखा शाळेतर्फे तलावावर जाऊ लागली आणि तिथल्या रंगनाथ सरांनी तिला बटरफ्लाय शिकवायला घेतलं. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकायचे, अंग लाटेसारखं न्यायचं. पोरीचं घोडं अडलं ते श्वासापाशी. ती पाण्यात श्वास कोंडून धरायची, मग वर आल्यावर तो सोडायची आणि नवा घ्यायचीही, तेवढ्यात नाकातोंडात पाणी. सरांनी समजावलं, तोंड पाण्यात असतानाच हवा सोडत जायची, हनुवटी पाण्याला घासून पुढे काढायची, घोटभर हवा घ्यायची आणि हात पुढे पडायच्या आत तोंड परत पाण्यात. तेही दर हाताला नाही, एकाआड एक.

हे एकाआड एक कुसाबाईंना सोसायचं नाही. त्या काठावर बसून पोरीबरोबर श्वास धरायच्या. डोकं वर दिसलं की सोडायच्या. घरी परतेस्तोवर छाती दुखायची.

त्र्याऐंशी सालच्या जिल्हा स्पर्धेत विशाखा शेवटच्या टप्प्यात दुसरी होती. अंतर थोडं उरलं, तशी वेग जाऊ नये म्हणून तिने श्वास घेणंच थांबवलं. कुसाबाई बघत होत्या. हात बाहेर आले, डोकं नाही. पुन्हा हात आले, डोकं नाही. तिसऱ्यांदाही नाही. त्यांच्या कानात दडे बसले, डोळ्यांपुढे धरणाचं सपाट पाणी आलं. काय करतोय हे कळायच्या आत त्या लुगड्यासकट पाण्यात होत्या.

तिकडची बाजू उथळ होती. पाणी छातीला लागलं. विशाखा येऊन त्यांच्यावरच आदळली आणि उभी राहिली. भिंत हातभर लांब होती. बाकीच्या मुली पोहोचल्या. काठावर कुणी तरी हसलं.

"आई, मला श्वास पुरत होता," विशाखा म्हणाली.

कुसाबाईंचे दात वाजत होते. "मला पुरत नव्हता गं."

पोरगी कितीतरी दिवस धड बोलली नाही. तलावावर येऊ नकोस, एवढंच म्हणाली. कुसाबाईंना ते लागलं, पण तिचं काही चुकलंय असं वाटेना. शेवटी त्याच रंगनाथ सरांकडे गेल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, पोहायला नको, पण पाण्याखाली श्वास कसा सोडतात तेवढं दाखवा.

बायकांच्या वेळेत सरांच्या पत्नी भागीबाई त्यांना शिकवायच्या. कठड्याची दांडी धरून कुसाबाई उभ्या राहायच्या आणि तोंड बुडवायची वेळ आली की मागे सरायच्या. कित्येकदा तशाच घरी परतल्या. एकदा मात्र तोंड पाण्यात गेलं. हवा सोडायला त्या घाबरल्या. सोडली तर उरेल काय? मग सोडली. बुडबुडे गालांवरून वर गेले, डोकं वर आलं आणि हवा आपोआप आत शिरली.

भागीबाईंकडून विशाखाला हे कळलं. पुढच्या वर्षी तिनेच त्यांना स्पर्धेला नेलं. भीती तसूभरही कमी नव्हती. पदराचा बोळा तोंडात धरून कुसाबाई बसल्या, नाकाने श्वास सोडत राहिल्या, पण जागच्या उठल्या नाहीत. विशाखाचा नंबर तिसरा आला.