अमेरिकेचा अर्ज आणि आप्पांची सही

मला अमेरिकेला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. आज हे वाक्य सहज लिहून होतं. एकोणीसशे पन्नासच्या आसपास, कोल्हापुरात, ते मोठ्यानं म्हणायचीही चोरी होती.

आमचं जैनाचं घर आणि सराफांच्या गुजरीत आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चांदीचं दुकान. हुपरीहून पैंजण यायचे आणि आमच्याकडून गावोगाव जायचे. मी इंटर सायन्सला कॉलेजात पहिली आले तेव्हा आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. “अजून किती शिकवणार पोरीला?” असं कुणी विचारलं की म्हणायचे, “शिकू दे की! तुझ्या बापाचं काय जातंय?” पण अमेरिका त्यांच्या डोक्यात नव्हती. ती माझ्या डोक्यात घातली मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी. सुट्टीत मी त्यांच्याकडे पट्ट्या गुंडाळायला जायची. माझे प्रश्न ऐकून ऐकून त्या कंटाळल्या असाव्यात. त्यांनी आपल्या जुन्या मेडिकल कॉलेजला पत्र टाकलं, आणि दोन महिन्यांनी बोटीनं अर्जाचे कागद आणि एक माहितीपुस्तक आलं.

त्या पुस्तकानं माझं वाटोळं केलं. त्यात एक फोटो होता. दगडी पायऱ्यांवर सात-आठ मुली, लांब कोट घातलेल्या, कुणाच्या तरी बोलण्यावर हसताहेत. काय बोललं असेल कुणी? मला तो विनोद ऐकायचा होता, त्या पायरीवर उभं राहून ऐकायचा होता. रंकाळ्यावर मैत्रिणी भेळ खात असायच्या आणि माझ्या मनात यायचं, आत्ता तिकडे सकाळ झाली असेल, मुली पायऱ्या चढत असतील, आणि मी इथे चिंचेचं पाणी चाटत बसलेय. जीव नुसता तुटायचा. घरी आले की कुणाशी धड बोलायची नाही.

आईची काळजी वेगळीच. आम्ही सूर्य मावळायच्या आत जेवणारी माणसं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे थंडीत चार-साडेचारलाच अंधार पडतो. “मग पोरीनं जेवायचं कवा?” हा एकच प्रश्न ती महिनाभर ज्याला त्याला विचारत होती. माझ्यावर चिडून उपयोग नाही हे कळल्यावर ती सूर्यावर चिडली.

अर्जाला प्रोफेसरांचं पत्र जोडायचं होतं, तेही बंद पाकिटात, चिकटवलेल्या जागेवर त्यांची सही करून. विद्यार्थ्यानं ते वाचायचं नाही. आमचे रसायनशास्त्राचे सर पुण्याकडचे, कडक, कामापुरतं बोलणारे. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “उघडलं, तर ते फुकट गेलं.” मी ते घरी आणलं, फडताळात ठेवलं आणि आईला बजावून कॉलेजला गेले.

आता आमच्या घरात पत्र म्हणजे काय, तर बाहेरच्या सोप्यात बसून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची गोष्ट. लग्नाचं असो की बारशाचं, ऐकायला शेजारीही यायचे. लपवून ठेवायचं पत्र फक्त वाईट बातमीचं. त्या दिवशी हुपरीचे पावणे आले होते. लेकीचं कौतुक सांगता सांगता आप्पांना राहवलं नाही. मी परतले तेव्हा पाकीट फाडलेलं होतं. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून शेजारच्या वकीलकाकांना बोलावलं होतं, आणि ते चष्मा लावून एकेक ओळ मराठीत सांगत होते.

“आप्पा! ते उघडायचं नव्हतं!” मी दारातूनच ओरडले.

“माझ्या लेकीबद्दल लिवलंय, आनि मीच वाचायचं न्हाय? ह्यो कुठला कायदा? बस खाली. वाचा वो वकीलसाहेब.”

सरांनी लिहिलं होतं की इतक्या वर्षांत अशी बुद्धी पाहिली नाही. आप्पांनी पावण्यांकडे बघून मान हलवली. पुढच्या ओळीला वकीलकाका अडखळले, पण तीही त्यांनी वाचली. “प्रामाणिकपणे सांगायचं तर, ही मुलगी परत येईल असं मला वाटत नाही. तिला जेवढं काम करायचं आहे तेवढी मोकळीक तिला इथे कुणी देणार नाही.”

आईनं उगाचच कपबश्या उचलल्या.

मला संताप आला तो आप्पांचा नाही, माझाच. सरांनी लिहिलेलं खरं होतं. मी ते कुणाला, अगदी स्वतःलासुद्धा, सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाली मान घालून सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, एक सुस्कारा सोडला आणि परत पत्र लिहून दिलं. “एक शब्द बदललेला नाही,” म्हणाले. आता फक्त आप्पांची सही राहिली होती. पालकाची सही नसेल तर अर्ज घेणारच नव्हते.

तीन दिवस आप्पांनी विषय काढला नाही. चौथ्या दिवशी दुपारी दुकानातून लवकर आले आणि म्हणाले, “आण ते कागद.” मी पळत जाऊन आणले. त्यांनी टोपी काढून ठेवली, पेन उघडलं आणि माझ्याकडे बघितलं.

“‘येते’ म्हण.”

आमच्यात घराबाहेर पडताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही. मंडईत निघालेली बाईसुद्धा ‘येते’ म्हणूनच उंबरा ओलांडते. दिवसातून दहादा तोंडातून जाणारा शब्द. आप्पांनी तेवढाच मागितला होता. आणि मला तो म्हणता येईना. पायऱ्यांवरच्या त्या मुली डोळ्यांपुढे आल्या, आणि वाटलं, बापाशी खोटं बोलून बोटीत बसायचं? मोठी खरं बोलणारी लागून गेले होते मी!

“आप्पा, मला ठाऊक नाही,” मी म्हणाले.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. “बघू,” म्हणाले. आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळायचं. अर्जाची मुदत गेली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

मी बीएस्सी झाले आणि इथल्याच मुलींच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. माझ्या हाताखाली बेडूक फाडलेल्या दोघी अमेरिकेत डॉक्टर आहेत. बर्फाच्या चित्राची कार्डं पाठवतात. हेवा वाटतो का? वाटतो की! का वाटू नये? कार्ड आलं की तो दिवस माझा वाया जातो. भाजी करपते, आणि मी खिडकीशी उभी असते.

आप्पा शेवटच्या आजारात सहा महिने अंथरुणाला खिळले होते. मी शाळेतून आले की त्यांना पेज भरवायची. एकदा चमचा बाजूला सारून म्हणाले, “त्या कागदावर मी सही करनारच हुतो.”

मी पेजेची वाटी खाली ठेवली. “मग केली का नाहीत, आप्पा?”

“तू येनार न्हाईस, ते मला सरांच्या आधीपास्नं ठावं हुतं. पर एकदा तोंडानं ‘येते’ म्हटली असतीस, तर तेवढ्यावर काढलं असतं की गं मी दिवस.”