हिल्डाचं नवसाचं शेत

हिल्डा तुस्कानो तो नवस बोलली तेव्हा ती मेलबर्नच्या एका हॉस्पिटलबाहेर गाडीत बसली होती. आत तिच्या नवऱ्याच्या, कॅसिमिरच्या, हृदयाची शस्त्रक्रिया चालू होती. मेणबत्त्या बोलून झाल्या होत्या, उपवास बोलून झाले होते, गोड सोडून झालं होतं. मारियामातेला अजून काय द्यावं ते तिला सुचेना. समोर पर्यटनाच्या जाहिरातीचा मोठा बोर्ड होता, त्यावर एक कँगारू पुढचे पाय छातीशी जोडून उभा. हिल्डाला वाटलं, तोही प्रार्थनाच करतोय.

"माते, माझा माणूस वाचू दे," ती म्हणाली, "तुझ्या पुढच्या जन्मदिवसाच्या आत मी रानातल्या जिवांना एक अख्खं शेत खाऊ घालीन."

कॅसिमिर वाचला. घरी आला, डाळ अळणी आहे म्हणून कुरकुरला, म्हणजे पुरताच बरा झाला. आणि हिल्डाला नवस आठवला. बोललेलं फेडलं नाही तर दिलेलं परत जातं, असं तिच्या आईनं तिला वसईतल्या त्यांच्या गास गावात लहानपणीच पक्कं शिकवलं होतं.

शेताला जागा मात्र होती. वेरिबीतल्या त्यांच्या घरापासून तासाभरावर, बॅलन गावाच्या पुढे, कॅसिमिरनं निवृत्तीनंतर झाडं लावायला म्हणून जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. त्यावर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं अशी माजली होती की मालकालाही आत जाता येत नव्हतं. शेजारच्या मर्व्हनं ट्रॅक्टर लावून ती उपटून दिली. मर्व्ह मेंढ्या पाळायचा. सत्तरीचा, तोंडाने फटकळ, मनाने मऊ.

"इथे काय लावणार?" त्यानं विचारलं.

"कँगारूंसाठी चारा," हिल्डा म्हणाली.

मर्व्हनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "लव्ह, माझ्या आज्यानं कँगारू हाकलले, बापानं हाकलले, मी हाकलतोय. आणि तू त्यांना जेवायला बोलावतेस?"

बियाण्याच्या दुकानात तर आणखी पंचाईत. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "जनावरं कुठली आहेत तुमच्याकडे?"

"कँगारू, वॉम्बॅट, आणि पाखरं."

"पाळलीत?"

"नाही हो. देवाची आहेत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "म्हणजे ती येऊ नयेत म्हणून तुम्हाला काहीतरी हवंय."

"यावीत म्हणून हवंय."

त्यानं मागच्या खोलीतून आणखी एकाला बोलावलं, आणि हिल्डाला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी ओट्स, क्लोव्हर, राय गवत, सूर्यफूल आणि इथल्या रानगवताचं थोडं बी, असं त्यांनी बांधून दिलं. हिल्डानं इंडियन दुकानातले वालही आणले होते. वसईत भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, तेव्हा वालाशिवाय शेत तिला शेत वाटत नव्हतं. ओल्या फडक्यात बांधून पाहिले तर मोडही झकास आले.

"पण यातलं पेरायचं कुठलं?" कॅसिमिर म्हणाला.

"जेवणाऱ्यालाच विचारू या."

तिनं स्टीलच्या वाट्या घेतल्या, प्रत्येकीत वेगळं बी घातलं आणि साफ केलेल्या जमिनीच्या कडेला, पंगतीला मांडाव्यात तशा ओळीनं मांडल्या. मुलगी प्रिसिला युनिव्हर्सिटीतून आली होती. ती डोक्याला हात लावून म्हणाली, "मम, दे आर वाइल्ड अ‍ॅनिमल्स. यू डोन्ट सर्व्ह देम."

"उपाशी तर असतात ना?"

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. सूर्यफुलाची वाटी वाटीसकट गेली होती. पांढरे काकाकुवे ती झाडावर नेऊन आपटत बसले होते. वालाला कुणी तोंड लावलं नव्हतं. ओट्सची वाटी चाटूनपुसून साफ, आणि उपड्या पडलेल्या तिच्या बुडावर बिळात राहणाऱ्या गुबगुबीत वॉम्बॅटची चौकोनी लेंडी, अगदी मधोमध ठेवल्यासारखी.

"हे काय?" हिल्डा मागे सरकली.

"पोचपावती," कॅसिमिर म्हणाला.

झालं, ओट्स ठरले. सोबत क्लोव्हर आणि कडेनं रानगवत. वाल हिल्डानं जड मनानं घरी नेऊन बिरड्यात घातले. ईस्टरनंतरच्या रविवारी तिनं बियाण्याची पिशवी चर्चमध्ये फादरपुढे धरली. फादर आयरिश, शेतकऱ्याच्या घरातले. "कुणासाठी?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं. फादरनी डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले, खांदे जरा हलले, आणि मग त्यांनी नीट, मन लावून आशीर्वाद दिला.

पीक आलं ते असं की मर्व्हसुद्धा कुंपणाशी थांबून बघू लागला. ऑगस्टमध्ये गुडघाभर हिरवंगार. आणि त्याला कुणाचा दात लागलेला नाही. कँगारूंचा कळप मर्व्हच्या कुरणात चरायचा, कुंपणावरून हिल्डाच्या शेताकडे बघायचा आणि पाठ फिरवायचा.

"तुझं पीक उभं, माझं फस्त," मर्व्ह म्हणाला. "अदलाबदल करूया का?"

आठ सप्टेंबर, मातेचा जन्मदिन, जवळ येत होता. कॅसिमिर जिना चढताना थांबला की हिल्डा हातातलं काम टाकून बघायला यायची. तो म्हणायचा, बुटाची नाडी बांधतोय. ती म्हणायची, तुमच्या चपलेला नाडी कुठेय?

आदल्या आठवड्यात, कॅसिमिर गाडी घेऊन बाहेर गेलेला असताना, ती न सांगता ट्रेननं बॅलनला गेली आणि मर्व्हच्या गाडीतून शेतावर पोचली. बघते तो शेताच्या मधोमध हात पसरून बुजगावणं उभं. अंगात कॅसिमिरचा राखाडी कोट. चारी बाजूंनी कॅसेटची टेप ताणून बांधलेली, वाऱ्यावर घूं घूं करणारी. आणि बांधावर खुद्द कॅसिमिर, हातात डबा आणि चमचा.

"हुर्र! हुर्र!" तो ओरडत होता.

"अहो!" हिल्डा किंचाळली. "पाहुण्यांना हाकलताय?"

कॅसिमिरनं डबा पाठीमागे लपवला. "तू कशी आलीस?"

"मी कशी आले ते सोडा. ही टेप कुठली?"

"जुनी होती."

"माझ्या भक्तिगीतांची आहे!"

तो बांधावरच बसला. गवताची एक काडी मोडली. "वाडीत बापूस मला माळ्यावर बसवायचा, हातात डबा देऊन," तो म्हणाला. "राघू आले की वाजव. शाळा बुडली तरी चालेल, दाणा जाता कामा नये. आता ती वाडी गेली, तिथे चार मजली बिल्डिंग आहे. त्यानंतर हे पहिलं पीक गं माझं. हिरवं दिसलं की हात आपोआप जातो."

हिल्डाला रागवायचं होतं, पण तेवढ्यात एक काकाकुवा शेतात उतरला आणि तिनंच खाली वाकून ढेकूळ उचललं. फेकायच्या आधी भानावर आली. कॅसिमिरनं ते पाहिलं. तिनं ढेकूळ हळूच खाली ठेवलं.

बुजगावणं उतरवलं, टेप गुंडाळली. तरीही कुणी आलं नाही. आठ सप्टेंबरला सकाळची मिस्सा करून दोघं शेतावर आले, ते दुपार सरली तरी बसूनच. माळेचे मणी हिल्डाच्या घामानं ओले झाले. ऊन कलू लागलं तसा मर्व्ह आला.

"ते नव्या जागेत पहिले उतरत नाहीत," तो म्हणाला. "आधी कुणीतरी चरताना दिसायला हवं. मेंढ्या सोडू?"

"मेंढ्या रानातल्या नाहीत," हिल्डा म्हणाली. "नवस मोडेल."

"मग तुम्हीच चरा," मर्व्ह म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

हिल्डा हसली नाही. ती उठली, स्कर्ट खोचला आणि शेतात शिरली. लग्नाआधी माहेरी भाताची लावणी तिनं केलेली, कमरेत वाकून अर्धा दिवस काढायची सवय होती. ती वाकली आणि ओट्सचं एकेक पान खुडत, मागे मागे सरकत चालली.

"अगं, कंबर धरेल," कॅसिमिर म्हणाला.

"धरू दे. तो कोट घाला आणि या. हळू. छातीवर ताण नको."

कँगारूंच्याच रंगाचा तो राखाडी कोट घालून तोही वाकला. मर्व्हचं हसू थांबलं. त्यानं टोपी काढून छातीशी धरली, चर्चमध्ये धरतात तशी.

दोन माणसं शेतात वाकून चरत होती. कुंपणापलीकडे एक कँगारू माणसासारखा ताठ उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. मग त्यानं कुंपण ओलांडलं. त्याच्यामागून आणखी काही. थेट कॅसिमिरच्या पुढ्यात येऊन त्या पहिल्यानं मान खाली घातली आणि उत्तम, भरघोस, सगळ्यात गर्द हिरव्या झुबक्याला तोंड लावलं. कर्रकन आवाज झाला.

हिल्डानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या मानेची शीर फुगली होती. ओठांचा चंबू झाला होता. "हु..." एवढं बाहेर आलंच.

तिनं झेप घालून त्याच्या तोंडावर तळहात दाबला. दुसरा हात तोल जाऊ नये म्हणून त्याच्या छातीवर टेकला, टाके घातले होते तिथे. कोटाखाली ठक ठक ठक असं जोरात, नेटानं वाजत होतं. कँगारूनं मान वर केली, दोघांकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

"खाऊ दे हो," ती त्याच्या कानात म्हणाली, आणि हात काढला नाही, कुठलाच.