एकशे ऐंशी डिग्रीला बारा बनियन

"भाऊ, हा बनियन पांढराच होता ना?" भागवतने विचारलं.

मी मशीनचा दांडा धरून उभा होतो. खालच्या फळीवर त्याचा कोरा, नवा, अर्ध्या बाहीचा बनियन पसरलेला. आता त्याच्यावर तपकिरी डाग उठले होते. तव्यावर भाकरी टाकली की डाग उठतात ना, तसे. आम्ही बघत असतानाच आणखी दोन उमटले.

गोष्ट जळगावची, सत्तरीचं दशक सरत आलं तेव्हाची. मी पुखराज शेठच्या होजियरीच्या दुकानात कामाला होतो. शेठजींनी मुंबईहून हीट प्रेस आणलं आणि ते चालवायला मला बसवलं. आज टी-शर्टवर नाव-चित्र छापणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. तेव्हा अख्ख्या खानदेशात ते एकच मशीन होतं. निदान मी गिऱ्हाइकांना तसंच सांगायचो. ते उतरवायला आठ हमाल लागले, नववा नुसता ओरडायला. दांडा इतका कडक, की वर्षभरात माझा उजवा दंड डाव्याच्या दीडपट झाला. शिंपी अजून माझ्या दोन बाह्यांची दोन मापं घेतो.

काम मात्र सोपं. खाली फळी, तिच्यावर जाड लोकरी नमदा. वर लोखंडी प्लेट, तिच्या पोटात कॉइल. शाईने आकडे किंवा चित्र छापलेला कागद मुंबईहून तयार यायचा. त्याला ट्रान्सफर म्हणायचं. प्लेट एकशे ऐंशी डिग्रीला आली की कापडावर कागद उलटा ठेवायचा, दांडा ओढायचा, वीसपर्यंत मोजायचं. कागद सोलला की आकडा कापडावर. (जळगावच्या मे महिन्यात प्लेट शंभरपर्यंत प्लग न लावताच जायची. खोटं वाटत असेल तर मे महिन्यात येऊन बघा.)

एक नियम होता. ट्रान्सफर लावायच्या आधी कोरं कापड नुसतं दाबून घ्यायचं. याला ड्राय प्रेस म्हणतात. कापडातला ओलावा गेला नाही तर शाई धरत नाही. त्या ड्राय प्रेसनेच आमचा घात केला.

भागवत यावलजवळच्या गावचा, कबड्डीचा कॅप्टन. उद्या सकाळी सोनगीरला सामने होते आणि तीनची धुळ्याची एसटी गाठायची होती. बाकीचे अकरा जण स्टँडवर बसून होते.

"सगळ्यांचे बनियन एकसारखे आणि पाठीवर नंबर, असा नियम हाये," तो आल्या आल्या म्हणाला होता. "मांगल्या वर्षी आम्ही जसे होतो तसे गेलो. पंचानं चार गावांच्या देखत मैदानाबाहेर काढलं. तो पंच कोन, माहीत हाये? माहा सासरा! बायको वरसभर तेच ऐकवू राह्यली मले. औंदा काढलं तर सासरवाडी बी सुटली आन् कबड्डी बी."

असा मामला. आणि माझ्या फळीवर बनियनला डाग.

मी दुसरा दाबला. डाग. तिसरा, डाग. भागवतने बनियन नाकाशी नेला.

"चीक हाये भाऊ. केळीचा."

मग उलगडा झाला. बनियनचं गठुडं सकाळी एसटीच्या टपावर टाकलं होतं. टपावर कुणाचे तरी ताजे कापलेले केळीचे घड होते. घडाच्या दांड्यातून चीक गळतो. ताजा असतो तेव्हा पाण्यासारखा, दिसतसुद्धा नाही. काही तासांनी तपकिरी होतो आणि मग कुठल्याही साबणाच्या बापाला ऐकत नाही. माझ्या प्लेटने त्या काही तासांचं काम वीस सेकंदांत केलं.

वरचे पाच बनियन डागी निघाले, खालचे सात स्वच्छ. घड्याळात एक वाजला होता.

गडबड ऐकून शेठजी गादीवरून उठून आले. "अरे भाई, आपल्या दुकानातले दे ना दुसरे!"

"यांच्या मापाचे नाहीत शेठजी." खरंच नव्हते. त्या बारा जणांच्या छात्या अशा, की एकेकाला मच्छरदाणी पुरली नसती.

"मग पाच जण डागी, सात जण पांढरे, जाऊ दे असेच."

"सासरा दारातूनच परत पाठवीन," भागवत म्हणाला. "एकसारखे पाहिजे त्याले."

एकसारखे. मी त्या पाच बनियनांकडे पाहिलं, मग सातांकडे पाहिलं.

"भागवत, स्टेशनवर केळीच्या वॅगन भरतायत. सायकल घे. ताजे दांडे आण, बादलीभर."

"काय करता?"

"उरलेले सात बिघडवतो."

शेठजींनी कपाळावर हात मारला. "गिऱ्हाइकाचा माल मुद्दाम खराब करतो? डोकं फिरलं का तुझं?"

"पाच खराब झाले ते नुकसान, शेठजी. बारा केले की डिझाइन."

शेठजींचा हात कपाळावरून खाली आला. व्यापारी माणूस, लगेच कळलं त्यांना. भागवतला मात्र कळायला वेळ लागला. हातातले सात चांगले बनियन म्हणजे त्याची शेवटची पुंजी. तीही द्यायची होती. त्याने ते सात माझ्या हातात ठेवले आणि सायकलवर टांग टाकली. असा गेला की स्टेशनरोडची धूळ आमच्या दुकानात आली आणि धुळीच्या आधी तो परत आला.

केरसुणीच्या चार काड्यांचा कुंचला बांधून मी चीक शिंपडला. दांडा ओढला, वीस मोजले. डाग टपोरे उठले. पाचांत डाग जिथे विरळ होते तिथे पुन्हा शिंपडलं, पुन्हा दाबलं. मग पाठीवर एक ते बारा नंबर. धूर असा झाला, की शेजारचा पानवाला पाण्याची घागर घेऊन धावत आला. पावणेतीनला बाराच्या बारा तयार. जणू बारा बिबटे एका आईचे.

"तू पण जा बरोबर," शेठजी म्हणाले. "नंबर निघाले तर तिथे शिव्या खायला आपलं कुणी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनगीरच्या किल्ल्याखालच्या मैदानात संघ रांगेत उभा राहिला. पंच समोर आले. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी. हेच सासरे, दौलतनाना. बोली अस्सल अहिराणी.

"काय जवाईबुवा, औंदा खेळाले उनात का नुसतं पहाले?" मग नजर खाली गेली. "आन् हाई काय शे? बनियनले देवी उन्यात का काय?"

बनियनला देवी आल्या, म्हणून मैदान हसलं. भागवतचा चेहरा उतरला. मी पुढे झालो.

"नाना, नवी छपाई आहे. जळगावात पहिल्यांदाच." यात एक शब्द खोटा नव्हता.

नानांनी एकेकाच्या पाठीमागून फेरी मारली. बोटाने डाग घासला, नखाने नंबर खरवडला.  केळी पिकवणाऱ्या यावलचा माणूस असता तर त्याने लांबूनच चीक ओळखला असता. सोनगीरला पिकते बाजरी. केळी त्यांनी सोललेलीच पाहिली होती.

"बठ्ठा सारखाच शेतस," नाना शेवटी म्हणाले. "खेळू द्या." आणि माझ्या कानाशी येऊन, हळूच, "मनासाठे एक ठेवजो." नानांना स्वतःलाही एक हवा होता.

पहिला सामना भागवतच्या संघाने मारला, दुसराही. तिसऱ्यात हरले. तोवर घामाने आणि ओढाताणीने निम्मे नंबर सुटून मातीत पडले होते. डाग जागचा हलला नव्हता. पण मैदानाबाहेर कुणी काढलं नाही. दुपारी नानांच्या ओसरीवर बारा जणांची पंगत बसली. सामन्यांसाठी माहेरी आलेली भागवतची बायको वाढत होती, आणि दर वेळी त्याच्या ताटाशी आली की वडिलांकडे बघून हसत होती.

पुढे धुळ्याच्या एका दुकानदाराने तसेच पाच डझन मागवले. आम्ही दिले. यावलच्या बायकांना कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या म्हणे. केळीच्या बागेत चिकाने डागलेल्या ज्या कपड्यांत त्या पाहुण्यांसमोर येत नसत, ते आम्ही पुड्यात बांधून विकत होतो.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळल्या. कुणाचंही कापड असो, आधी एक कोपरा दाबून पाहायचा. आणि डाग उठलाच तर माफी मागण्याआधी विचारायचं, एकूण नग किती आहेत.