दादाची गोळी
अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत आले. कॅन्सर मणक्यात उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बरं करणं आपल्या हातात नाही, पण दुखू न देणं आहे. घरी येणाऱ्या सिस्टरनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. दर चार तासांनी एक. "दुखायची वाट बघायची नाही," त्या म्हणाल्या, "आणि व्यसनाची भीती डोक्यातनं काढून टाका." चौथ्या दिवशी अण्णा उशीला टेकून बसले आणि त्यांनी भडंग मागितलं, तेही कांदा घालून.

त्या शनिवारी मला शाळेत शिकवायला जायचं होतं, म्हणून कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर असलेला माझा थोरला भाऊ त्यांच्याजवळ थांबला. दुपारी मी परतले तर अण्णा टॉवेल दातात धरून कुशीवर पडलेले.

"गोळी दिलीस का?"

"संडासात टाकल्या सगळ्या," दादा म्हणाला. "अफू हाय ती. मास्तर नशा करत गेले म्हणतील लोक."

ती गोळी नव्या चिठ्ठीशिवाय कुठे मिळेना, आणि चिठ्ठी सोमवारी मिळणार होती. दोन दिवस अण्णा गुरासारखे कण्हत राहिले. दादानं बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवला.

सोमवारी गोळ्या आल्या. पुढचे एकोणीस दिवस अण्णा शांत होते आणि शांतच गेले. पण दहाव्याला घाटावर दादा पाहुण्यांना सांगत होता, "शेवटपर्यंत शुद्धीवर ठेवलं मी त्यांना." मी ते वाक्य तेवढं जपून ठेवलं.

यंदा कारखान्याच्या जिन्यावरून घसरून दादाचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. वहिनी डबा आणायला घरी गेली, मी त्याच्याजवळ बसले. नर्सनं गोळी माझ्या हातात दिली आणि दुखायला लागलं की द्या म्हणाली.

थोड्याच वेळात त्याचा चेहरा पिळवटला. "दे की ती गोळी."

"सवय लागंल, दादा."

त्याला वाटलं मी चेष्टा करते. मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. नर्सला बोलवायचं बटण त्याच्या हाताला लागत नव्हतं. मी ते जवळ सरकवलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात बघत बसले. तो आधी चिडला, मग विनवण्या करत राहिला, मग नुसता कण्हू लागला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

"अण्णांना असंच दुखायचं?" शेवटी त्यानं विचारलं.

"याच्या कितीतरी पट. आणि तू टीव्ही बघत होतास."

तो रडला. पाऊण तास झाला होता. मी गोळी दिली, पाण्याचा ग्लासही तोंडाला लावला. माफ केलं म्हणून नाही. अण्णांना दोन दिवस सोसावं लागलं, आणि माझ्याच्यानं तासभरसुद्धा ते कण्हणं ऐकवलं नाही, म्हणून.

त्यानं वहिनीला सांगितलं. तिचा फोन आला, "माणूस हाईस का कोण तू?"

"आधी त्याला इचार, अण्णांच्या गोळ्या कुठं गेल्या," मी म्हटलं. तिनं फोन ठेवून दिला. म्हणजे तिला ठाऊक होतं.

भाऊबीजेला तो आला नाही. मीही ताट मांडलं नव्हतं.