परीक्षक रडले, सिरोंचा राहिलं

आमच्या चंद्रपूरच्या रेडिओ केंद्रात कार्यक्रमांपेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. कार्यक्रमाला मंजुरी लागते, किश्श्याला साहेब पुरतात! मी इथला जुना निवेदक. पुण्याहून नवे साहेब आले तेव्हापासून तर माझ्याकडे साठाच झालाय.

*

साहेबांनी पहिल्याच मीटिंगमध्ये धानावरच्या किडीचा कार्यक्रम बाजूला सारला. "याला इंटरनॅशनल अवॉर्ड मिळेल का? काहीतरी जागतिक आणा!"

आमचे इंजिनीअर मेश्रामभाऊ म्हणाले, "साहेब, आपलं मे महिन्याचं ऊन पाठवा ना. थे जागतिकच हाय!"

*

शेवटी धानोऱ्याकडच्या एका गावात रैनाबाई सापडल्या. गोंडी गाण्यांत त्यांचा हात धरणारं कोणी नाही. अंगणात मोहफुलं वाळवत होत्या. त्यांनी एकच अट घातली. गाण्यातली जोडीदार असलेली धाकटी बहीण पार दक्षिण टोकाला, सिरोंच्याकडे दिलेली, गावात फोन लागत नाही, वर्षानुवर्षं भेट नाही. "माह्या बहिणीले आयकू आलं पाह्यजे. मंगच गाईन."

"अहो बाई, सगळं जग ऐकेल!"

"जगाचं मंग पाहू साहेब. आधी सिरोंचा."

*

साहेबांना मरणाचं गाणं हवं होतं. त्याशिवाय परीक्षक हलत नाहीत म्हणे! रैनाबाई बिचकल्या. "काऊन? कोनी मेलं काय? मेल्याबिगर थे गाणं म्हनत नाई आमी."

"समजा, कोणीतरी गेलंय."

"मंग तुमीच घडीभर मरून पाहा, म्हनतो आमी!"

अखेर त्यांनी लग्नातलं गाणं म्हटलं, एक ओळ त्यांची, पुढची गावातल्या बायांची. नवरदेवाकडच्यांची ढेरी, टक्कल, खादाडपणा, सगळ्याची त्यात यथेच्छ टिंगल. बाया पदरात तोंड खुपसून हसत होत्या. साहेबांनी डोळे मिटले. "ऐकताय ना हुंदके? काय वेदना आहे!"

मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही शब्दांत अडकू नका."

*

रेकॉर्डिंगमधलं जंगल साहेबांना फिकं वाटलं. त्यांनी इंटरनेटवरून एक डरकाळी आणून घातली. मेश्रामभाऊ दचकले. "साहेब, हा सिंह हाय! आपल्याकडं वाघ असते."

"परीक्षकांना काय कळतंय?"

चंद्रपुरात बसून वाघ बदलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला!

*

स्पर्धेचा नियम होता, कार्यक्रम आधी प्रसारित झालेला हवा. बसवाल्यासोबत निरोप धाडून बहिणीला संध्याकाळची वेळ कळवली. ती शेजारणींना घेऊन, मोबाइलवर रेडिओ ऐकण्यापुरती रेंज येते त्या टेकाडावर जाऊन बसली. ऐनवेळी एक पुढारी स्टुडिओत आले, आणि टेकाडावरच्या बायांनी 'रेडिओ तळागाळात पोचला पाहिजे' या विषयावरचं भाषण ऐकलं. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणाला न सांगता वाजवून टाकला. नियम पूर्ण झाला! मला त्याची अजून चीड येते.

*

आणि अवॉर्ड मिळालं! साहेब परदेशी जाऊन ट्रॉफी घेऊन आले. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'एका आईचा काळीज चिरणारा आक्रोश.'

मग चंद्रपुरात सत्कार, तोही लाइव्ह. रैनाबाईंना बसने आणलं, खास खुर्ची दिली. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "हे सिरोंच्यात आयकू येऊन राह्यलं का?"

मेश्रामभाऊ म्हणाले, "हो बाई. मी तुमच्या बहिणीले निरोप देल्ला. थे टेकाडावर बसून हाय."

साहेबांनी माइक पुढे केला. "बाई, दोनच ओळी."

रैनाबाईंनी डोक्यावर पदर घेतला, पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या. सभागृह शांत. रेडिओही शांत. साहेब घामाघूम. "बाई, पुढची ओळ! आपण लाइव्ह आहोत!"

रैनाबाईंनी माइकला कान लावला.

"थांबा ना साहेब. पुढची ओळ तिची हाय."